आकडा आधी, हिशेब नंतर

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने जुलै २००० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या हाती ६४ पानांची आचारसंहिता दिली. प्रस्तावना अध्यक्ष केनेथ ले यांची. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही कंपनीची चार मूल्यं. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तेव्हापासून ही पुस्तिका व्यावसायिक नीतीवरच्या व्याख्यानांत हमखास हशा मिळवून देते. मला मात्र पुस्तिकेपेक्षा तिच्या आदल्या वर्षीचा एक ठराव जास्त बोलका वाटतो. कंपनीचा वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो याला स्वतः चालवत असलेल्या भागीदारी संस्थांमार्फत एन्रॉनशीच व्यवहार करायचे होते. विकणाराही तोच आणि घेणाराही तोच. कंपनीच्या आचारसंहितेत याला मनाई होती. १९९९ मध्ये विषय संचालक मंडळापुढे आला आणि फास्टोपुरती ही मनाई रीतसर बाजूला ठेवण्यात आली. इतिवृत्तात तशी नोंदही आहे. नियम कुणी चोरून मोडला नाही. मानाच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी चर्चा करून तो उठवला.

घोटाळा उघड झाला की चर्चा ताबडतोब माणसांच्या स्वभावाकडे वळते. हाव किती, संस्कार कसे, व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्राचे तास किती. या चर्चेतून हाती काही लागत नाही, कारण घोटाळेबाज कंपन्यांकडे नीतीची शब्दसंपदा प्रामाणिक कंपन्यांइतकीच असते, कधी कधी जास्तच. सत्यम कॉम्प्युटर्स या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कंपनी-कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता; चार महिन्यांनी संस्थापक रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं. फास्टोलाही १९९९ मध्ये वित्तव्यवस्थापनातल्या कौशल्याबद्दल एका नामांकित नियतकालिकाने गौरवलं होतं. कंपनीची नीती तपासायची असेल तर पुरस्कार आणि पुस्तिका बाजूला ठेवून एकच गोष्ट बघावी असं माझं मत आहे: ‘हा आकडा बरोबर नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाचं तिथे पुढे काय होतं, आणि त्याचं पोट कुणाच्या हातात असतं.

आधी हे घोटाळे सुरू कसे होतात ते पाहू. चित्रपटांमुळे आपल्या डोळ्यांसमोर तिजोरी येते, बॅगा येतात. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबातली लबाडी बहुतेक वेळा चोरीने सुरूच होत नाही. ती सुरू होते एका वचनाने. कंपनीने शेअर बाजाराला सांगितलेलं असतं की या तिमाहीत इतका नफा होईल. तिमाही संपत येते, नफा थोडा कमी पडतो. अशा वेळी आकडा आधी ठरलेला असतो आणि हिशेब त्याच्याकडे चालत यायचा असतो.

राजू यांच्या ७ जानेवारी २००९ च्या पत्रात ही प्रक्रिया लख्ख दिसते. खरा नफा आणि पुस्तकातला नफा यांत सुरुवातीला किरकोळ तफावत होती, ती वर्षागणिक वाढत गेली, असं ते लिहितात. वाघावर स्वार झाल्यासारखं झालं होतं आणि खाल्लं न जाता खाली कसं उतरायचं ते कळत नव्हतं, हे त्यांचं वाक्य पुढे फार गाजलं. मला पत्रातले आकडे वाक्यापेक्षा जास्त सांगून जातात. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कंपनीने २,७०० कोटी रुपयांचं उत्पन्न आणि ६४९ कोटींचा परिचालन नफा जाहीर केला होता. खरं उत्पन्न होतं २,११२ कोटी आणि खरा नफा ६१ कोटी. म्हणजे उत्पन्न फुगवलेलं होतं साधारण पावपट, आणि नफा मात्र दहापटींहून जास्त. धंदा खरा होता, ग्राहक खरे होते, हजारो अभियंते खरंच काम करत होते. खोटा होता तो गुणवत्तेचा दाखला, उत्पन्नाच्या २४ टक्के नफ्याचा. वास्तव होतं ३ टक्के.

जपानच्या तोशिबाचं प्रकरण आणखी बोधप्रद आहे, कारण तिथे कुणी वाघबिघ पाळला नव्हता. वरिष्ठ अधिकारी खालच्या विभागांना नफ्याची उद्दिष्टं देत आणि त्यांना ‘चॅलेंज’ म्हणत. सप्टेंबर २०१२ मध्ये संगणक विभागाला तीन दिवसांत नफा १,२०० कोटी येननी सुधारायला सांगितलं गेलं. तीन दिवसांत संगणक विकून एवढा नफा होत नाही. तीन दिवसांत फक्त नोंदी बदलता येतात. हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. २०१५ मध्ये चौकशी समितीने साधारण सात वर्षांत नफा १५,१८० कोटी येननी फुगवल्याचं दाखवून दिलं आणि वरिष्ठांच्या मर्जीविरुद्ध जाता येत नाही अशी कंपनीची संस्कृती असल्याचं नमूद केलं. ‘खोटे आकडे भरा’ असा हुकूम देण्याची गरजच पडत नाही. अशक्य उद्दिष्ट द्यायचं आणि ते कसं गाठलं हे विचारायचं नाही, एवढं पुरतं.

उद्दिष्टं ठेवणंच पाप आहे असं मला म्हणायचं नाही. उद्दिष्टाशिवाय साधी पतपेढीही चालत नाही. आणि ‘नफ्याच्या मागे लागलं की असंच होणार’ हा सूरही मला आळशी वाटतो. कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणं, असं १९७० मध्ये ठणकावून सांगणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनीसुद्धा त्याच लेखात अट घातली होती की खेळ नियमांत राहून, फसवणूक आणि लबाडी न करता खेळला पाहिजे. त्यांचं नफ्याबद्दलचं म्हणणं सगळे उद्धृत करतात, ही अट वगळून.

आता वर्ल्डकॉम. या अमेरिकी दूरसंचार कंपनीला आपल्या ग्राहकांचे फोन जोडून देण्यासाठी इतर कंपन्यांच्या तारा वापराव्या लागत आणि त्याचं भाडं द्यावं लागे. हा सगळ्यांत मोठा खर्च. तो उत्पन्नाच्या ४२ टक्क्यांच्या आसपास आहे असं कंपनी तिमाहीमागून तिमाही सांगत राहिली. प्रत्यक्षात तो ५० टक्क्यांच्या वर गेलेला असे. मग फरक कुठे जाई? आधी जुन्या तरतुदी, म्हणजे पुढच्या देण्यांसाठी बाजूला ठेवलेल्या रकमा, मोकळ्या करून तो बुजवला. त्या संपल्यावर भाड्याचा काही भाग खर्चातून उचलून मालमत्तेच्या खात्यात टाकला. रोजचा खर्च त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो, मालमत्तेची किंमत मात्र अनेक वर्षांवर थोडी थोडी पसरते. एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात, बस. अशा रीतीने २००१ चं वर्ष आणि २००२ ची पहिली तिमाही मिळून ३८० कोटी डॉलरचा खर्च नाहीसा झाला. कुठलंही किचकट गणित नाही. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ही चूक पकडेल.

आणि ती पकडली गेलीही होती, ज्यांनी नोंद केली त्यांच्याकडूनच. हिशेब विभागातल्या एका मधल्या फळीतल्या बाईंना ऑक्टोबर २००० मध्ये ८२ कोटी ८० लाख डॉलरची पहिली नोंद करायला सांगण्यात आलं, तेव्हा हे चुकीचं आहे हे त्यांना कळत होतं. त्यांनी राजीनामा लिहूनही ठेवला. वित्तप्रमुखाने त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्याला समजावलं ते असं: कंपनी म्हणजे विमानवाहू जहाज आहे, विमानं हवेत आहेत, ती उतरू द्या, मग जायचं तर जा. राजीनामा दिला गेला नाही. पुढच्या तिमाहीत पुन्हा नोंद, त्याच्या पुढच्या तिमाहीत पुन्हा. दरम्यान बढती मिळाली. २००५ मध्ये त्यांना पाच महिन्यांची कैद झाली.

या बाईंना मी खलनायिका मानू शकत नाही आणि निर्दोषही नाही. पण नीतीच्या तासांनी त्यांना काय शिकवलं असतं? काय चूक हे त्यांना ठाऊक होतंच. त्यांच्यापाशी नव्हती ती दुसरी जागा, जिथे जाऊन हे सांगता येईल आणि दुसऱ्या दिवशी पगार चालू राहील.

घोटाळ्यांतल्या माणसांची मनःस्थिती समजून घेण्यासाठी डोनाल्ड क्रेसी या गुन्हेशास्त्रज्ञाचं काम अजूनही उपयोगी पडतं. त्याने तुरुंगातल्या अफरातफर करणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५३ मध्ये निष्कर्ष मांडले. कुणाला सांगता न येणारी आर्थिक अडचण, संधी, आणि स्वतःची समजूत घालण्याचं एखादं वाक्य. वाक्य बहुधा ‘मी चोरत नाहीये, तात्पुरते वापरतोय’ या धर्तीचं. कंपन्यांच्या घोटाळ्यांतलं वाक्य त्याचंच भावंड आहे: पुढच्या तिमाहीत भरून काढू. विमानं उतरू द्या.

म्हणूनच कडक शिक्षेवर माझा फारसा भरवसा नाही. वर्ल्डकॉमचे बर्नार्ड एबर्स यांना २५ वर्षांची शिक्षा झाली, एन्रॉनच्या जेफ्री स्किलिंगला २४ वर्षांची (ती पुढे १४ वर आली). शिक्षा हवीच, न्यायासाठी हवी. पण ज्याला आपण गुन्हा करतोय असं वाटतच नसतं, फक्त थोडा वेळ काढतोय असं वाटत असतं, तो कलमं वाचून थबकत नाही. त्याला थांबवणारा माणूस त्या क्षणी, त्या टेबलापाशी लागतो.

तो माणूस कोण? उत्तर कायद्यात आधीपासून लिहिलेलं आहे: लेखापरीक्षक. त्याने काय केलं हे पाहण्यासाठी ताळेबंदातली सगळ्यांत सोपी ओळ घेऊ. रोख आणि बँकेतली शिल्लक. कारखान्याची किंमत किती, साठा किती जुना, येणी वसूल होतील का, यावर दोन शहाण्या माणसांत मतभेद होऊ शकतात. बँकेत पैसे आहेत की नाहीत यावर मतभेदाला जागाच नाही. बँकेला विचारायचं. आणि तरीही तीन मोठ्या घोटाळ्यांत नेमकी हीच ओळ खोटी निघाली. इटलीच्या पार्मालातचे बँक ऑफ अमेरिकात ३९५ कोटी युरो आहेत असं पत्र होतं. डिसेंबर २००३ मध्ये बँकेने सांगितलं की असं खातंच नाही, पत्र बनावट आहे. सत्यमच्या पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. जर्मनीच्या वायरकार्डचे १९० कोटी युरो फिलिपिन्समधल्या दोन बँकांत असल्याचं सांगितलं जात होतं. जून २०२० मध्ये दोन्ही बँकांनी कागदपत्रं खोटी असल्याचं कळवलं आणि ही कंपनी आमची ग्राहकच नसल्याचं सांगितलं.

बँकेकडून शिलकीची खात्री करून घेण्याची एक जुनी पद्धत आहे. लेखापरीक्षकाने पत्र स्वतः पाठवायचं, उत्तर थेट स्वतःकडे मागवायचं, कंपनीचा हात मध्ये लागू द्यायचा नाही. सत्यममध्ये हा ताबा कंपनीच्या व्यवस्थापनाकडे सोडला गेला होता, असं अमेरिकी रोखे नियामकाने २०११ मध्ये सत्यमचं लेखापरीक्षण करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय संस्थांना दंड करताना नोंदवलं. वायरकार्डमध्ये मधल्या विश्वस्ताने दिलेल्या कागदांवर भिस्त ठेवली गेली. ही माणसं नालायक होती का? मुळीच नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या, सर्वांत हुशार उमेदवार निवडणाऱ्या संस्थांतली ती होती. मला वाटतं, त्यांना उत्तर शोधता येत नव्हतं असं नाही. प्रश्न विचारण्याची किंमत त्यांना परवडत नव्हती.

ती किंमत एन्रॉनमध्ये मोजता येते. २००० या एका वर्षात आर्थर अँडरसन या लेखापरीक्षण संस्थेला एन्रॉनकडून लेखापरीक्षणाचे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि सल्लागिरी व इतर कामांचे दोन कोटी सत्तर लाख. अँडरसनमधल्याच एका वरिष्ठ तज्ज्ञाने एन्रॉनच्या हिशेबपद्धतीवर वारंवार आक्षेप घेतले. एन्रॉनने तक्रार केली आणि मार्च २००१ मध्ये त्याला त्या कामावरून बाजूला करण्यात आलं. ज्याच्या वह्या तपासायच्या त्यानेच तपासनीस बदलून घेतला. वर्षभराच्या आत एन्रॉन बुडाली आणि पाठोपाठ सुमारे ८५ हजार माणसांची अँडरसनही संपली. कागदपत्रं नष्ट केल्याबद्दलची तिची शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्द केली, पण तोवर रद्द करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

विद्यार्थ्याने स्वतःचा परीक्षक निवडावा, त्याचं मानधन ठरवावं, पुढच्या वर्षी त्यालाच बोलवायचं की नाही हेही ठरवावं आणि मग निकालावर सगळ्यांनी विश्वास ठेवावा, अशी ही रचना आहे. कागदोपत्री लेखापरीक्षकाची नेमणूक भागधारक करतात. व्यवहारात शिफारस संचालक मंडळाकडून येते आणि भागधारक हात वर करतात.

यावर नेहमीचं उत्तर येतं की व्यावसायिक माणूस पैशाने मिंधा होत नाही, त्याला प्रतिष्ठा जपायची असते. हा वाद तत्त्वावर सोडवायची गरज नाही, कारण तो प्रत्यक्ष तपासून पाहिला गेला आहे. गुजरातमध्ये प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी त्रयस्थ पर्यावरण-लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागे, आणि तो लेखापरीक्षक कारखानाच नेमे, कारखानाच पैसे देई. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर दोन वर्षांचा प्रयोग केला. निम्म्या कारखान्यांसाठी जुनी पद्धत तशीच ठेवली. उरलेल्यांना लेखापरीक्षक सोडत काढून नेमून दिला, त्याचे पैसे सामायिक निधीतून ठरावीक दराने दिले, आणि त्याने घेतलेल्या मोजमापांपैकी काहींची दुसऱ्याकडून अचानक फेरतपासणी केली. जुन्या पद्धतीत मोजमापं आश्चर्यकारक रीतीने कायदेशीर मर्यादेच्या किंचित खाली गोळा होत. नव्या पद्धतीत कारखान्याला खोटं ‘उत्तीर्ण’ ठरवण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. आणि तपासणी खरी होऊ लागल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. राज्य तेच, व्यवसाय तोच, आणि काही लेखापरीक्षक तर असे की ते दोन्ही पद्धतींत काम करत होते. बदलला होता तो पैसे देणारा हात आणि मागून कुणी तपासेल ही शक्यता. संस्कारांचा एकही वर्ग घेतला नव्हता.

धूर मोजणं आणि ताळेबंद तपासणं एक नाही, हे मान्य. ताळेबंदात अंदाज असतात, भविष्याविषयीची गृहीतकं असतात. एन्रॉनने २००० मध्ये ब्लॉकबस्टर या व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या कंपनीशी घरोघरी तारेवरून चित्रपट पोचवण्याचा २० वर्षांचा करार केला आणि भविष्यातल्या अपेक्षित नफ्यापैकी ११ कोटी डॉलर लगेच पुस्तकात घेतले. काही महिन्यांतच करार मोडला. (कल्पना खोटी नव्हती; पुढे तिच्यावर केवढे उद्योग उभे राहिले. फक्त नफा आधी आला आणि धंदा नंतर.) अशा नोंदीवर ‘उत्तीर्ण’ की ‘अनुत्तीर्ण’ हे यंत्र सांगणार नाही, तिथे तपासणाऱ्याची विवेकबुद्धी लागते. पण विवेकबुद्धी लागते म्हणूनच ती कुणाच्या पैशावर जगते हा प्रश्न जास्त गंभीर होतो. धूर तरी मोजता येतो.

घोटाळ्यांनंतर कायदे आले नाहीत असं नाही. बैल गेला आणि झोपा केला, हे आपलं नित्याचंच. अमेरिकेत २००२ च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याने लेखापरीक्षकांच्या सल्लागिरीला लगाम घातला, हिशेबांवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची सही आणली, लेखापरीक्षकांवर देखरेख करणारं मंडळ नेमलं. सत्यमनंतर भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यात ठरावीक वर्षांनी लेखापरीक्षक बदलण्याची सक्ती आली. युरोपनेही २०१४ मध्ये तसे नियम केले. यातलं बरंचसं उपयुक्त आहे. पण परीक्षक दर काही वर्षांनी बदलला तरी निवडणारा तोच राहतो, आणि वायरकार्ड हे सगळं झाल्यावर घडलं.

स्वतंत्र संचालकांबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यांच्याकडून असलेल्या अपेक्षा आणि त्यांचा इतिहास यांत फारसं साम्य नाही. सत्यमच्या मंडळावर व्यवस्थापनशास्त्रातली मोठी नावं होती. १६ डिसेंबर २००८ रोजी या मंडळाने राजू यांच्या मुलांशी संबंधित दोन मेटास कंपन्या १६० कोटी डॉलरना विकत घेण्यास मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता, असं राजूंच्या पत्रात आहे. जे मंडळाला दिसलं नाही ते बाजाराला एका संध्याकाळीत खटकलं. मंडळावर बोलावणारा प्रवर्तक, पुन्हा बोलावणाराही तोच. मग बैठकीत अळीमिळी गुपचिळी व्हायला दुष्टपणा लागत नाही, सभ्यपणा पुरतो.

मग घोटाळे पकडतं कोण? अफरातफरीचा अभ्यास करणाऱ्या तपासनिसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघडकीला आली, आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक कंपनीचेच कर्मचारी होते. बाहेरच्या लेखापरीक्षणातून उघड झालेली प्रकरणं ३ टक्के. जागल्यांवर, म्हणजे आतून खबर देणाऱ्यांवर, एवढी मदार असताना त्यांना वागवलं कसं जातं? ऑलिम्पस या जपानी कंपनीचे मायकेल वुडफर्ड ऑक्टोबर २०११ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि दोन आठवड्यांत त्यांची हकालपट्टी झाली. गुन्हा एवढाच, की एका ब्रिटिश कंपनीच्या खरेदीत सल्लागारांना ६८ कोटी ७० लाख डॉलर कशाचे दिले असं त्यांनी विचारलं. ते पैसे जुने, लपवलेले गुंतवणुकीतले तोटे बुजवण्यासाठी फिरवले होते हे नंतर निष्पन्न झालं. वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या उद्दिष्टांपायी ग्राहकांच्या नावाने लाखो खाती त्यांच्या परवानगीविना उघडली गेली. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आलं तेव्हा बँकेने सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं सांगितलं. पण त्याआधी गैरप्रकार कळवणाऱ्या एका व्यवस्थापकाला काढलं होतं, त्याला परत घेऊन ५४ लाख डॉलर देण्याचा आदेश अमेरिकी सरकारला २०१७ मध्ये द्यावा लागला. आणि वायरकार्डवर ‘फायनान्शियल टाइम्स’च्या बातम्या सुरू झाल्यावर जर्मन नियामकाने काय केलं? फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या समभागात मंदीचे सौदे, म्हणजे भाव पडेल यावर पैसे लावणारे सौदे, करायला बंदी घातली आणि एप्रिलमध्ये पत्रकारांविरुद्धच फौजदारी तक्रार केली.

मंदी करणाऱ्यांचा उल्लेख आला आहे तर सांगून टाकतो: या जमातीबद्दल मला आदर आहे. कंपनी बुडण्यावर पैसे लावणारा माणूस काही संत नसतो. तो कधी चुकतो, कधी अफवाही पसरवतो आणि त्याबद्दल त्याला जरूर पकडावं. पण कंपनीभोवतीच्या सगळ्या गर्दीत, म्हणजे बँका, दलाल, विश्लेषक, पतमापन संस्था यांच्यात, खोटं शोधून काढण्यात ज्याचा आर्थिक फायदा आहे असा तो एकटाच. दिवाळखोरीच्या चार दिवस आधीपर्यंत एन्रॉनच्या रोख्यांवर पतमापन संस्थांचा ‘गुंतवणुकीस योग्य’ हा शिक्का होता. त्या संस्थांचं शुल्कही रोखे काढणारी कंपनीच देते.

त्याच न्यायाने जागल्यांना बक्षीस देण्याच्या मी बाजूचा आहे. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानुसार दहा लाख डॉलरपेक्षा मोठा दंड वसूल झाला तर त्यातला १० ते ३० टक्के हिस्सा माहिती देणाऱ्याला मिळतो. मे २०२३ मध्ये एका व्यक्तीला २७ कोटी ९० लाख डॉलर मिळाले. यावर नाक मुरडणारे म्हणतात की कर्तव्यासाठी पैसे कसले, याने चहाडखोर तयार होतील. वर्ल्डकॉममधल्या त्या बाईंचा राजीनामा ज्या कारणाने खिशात राहिला त्याचा विचार केला की हे सोवळेपण मला झेपत नाही. खोटं लिहिण्यासाठी बढती आहे, बोनस आहे, समभाग आहेत. खरं बोलणाऱ्याने मात्र फुकट आणि स्वतःच्या जोखमीवर बोलावं, ही मागणी फक्त बाहेर बसलेल्यांना सुचते.

वर्ल्डकॉमचा घोटाळा शेवटी उघड केला तो सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने. त्यांच्या टीमने रात्री थांबून, वरिष्ठांच्या नकळत नोंदी उकरल्या, वित्तप्रमुखाने चौकशी पुढे ढकलायला सांगितली तरी ढकलली नाही, आणि त्या संचालकांच्या लेखापरीक्षण समितीकडे गेल्या. धैर्य होतंच. पण त्यांच्यासाठी वित्तप्रमुखाला वळसा घालून जाणारा एक दरवाजा होता आणि तो उघडाही निघाला. हिशेबाच्या टेबलावर बसलेल्या बाईंना तो दिसला नव्हता.

माझा प्रस्ताव नवा नाही. सूचिबद्ध कंपन्यांकडून त्यांच्या आकाराच्या प्रमाणात शुल्क घ्यावं, ते शेअर बाजाराने किंवा वेगळ्या निधीने ठेवावं, लेखापरीक्षक तिथून नेमला जावा, त्याची मुदत ठरलेली असावी, कंपनीच्या तक्रारीवरून त्याला हटवता येऊ नये, आणि काही तपासण्यांची फेरतपासणी सोडतीने दुसऱ्या संस्थेकडे जावी. यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की यामुळे मिंधेपणा नाहीसा होणार नाही, फक्त पत्ता बदलेल. नेमणुका वाटणारं मंडळच उद्या दरबार भरवेल, त्याच्या अध्यक्षाच्या घरी रांगा लागतील. जर्मन नियामकाचं वागणं पाहता हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. म्हणूनच सोडत हवी, मर्जी नको. म्हणूनच फेरतपासणी हवी. आणि म्हणूनच जागले, पत्रकार, मंदी करणारे यांच्यापैकी कुणाचंही तोंड नियामकाला बंद करता येऊ नये. एका दरवाजावर पहारा बसला तरी दुसरा उघडा राहिला पाहिजे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. फेरतपासणीने लेखापरीक्षण महागेल, छोट्या कंपन्या बाजारात यायला कचरतील. मोठ्या कंपन्यांपासून सुरुवात करून हे सोडवता येईल. तसंही लेखापरीक्षणाचं शुल्क आजही भागधारकांच्याच पैशातून जातं. व्यवस्थापन ते फक्त स्वतःच्या हाताने देतं, आणि त्या हाताच्या बदल्यात लेखापरीक्षकाची निष्ठा घेतं. ती निष्ठा ज्याचे पैसे आहेत त्याच्याकडे परत जायला हवी. त्यासाठी शुल्क थोडं वाढलं तर वाढू दे.